मामा, त्या शब्दाचा अर्थ काय?

२०१७ च्या जूनमधली गोष्ट. ताईकडे जेवायला गेलो होतो, मुलुंडलाच, आमच्यापासून दोन बिल्डिंग सोडून. टीव्ही चालू होता, म्हणजे कोणी बघत नव्हतं पण बंद केला की सगळ्यांना चुकल्यासारखं होतं तसा चालू. भाची तेव्हा नऊ वर्षांची. आमटीभात कालवता कालवता तिने मान वर केली आणि विचारलं, "मामा, इंटरकोर्स म्हणजे काय?"

जिजूंना ठसका लागला. ताई रिमोट शोधायला लागली, तो नेहमीप्रमाणे सोफ्याच्या फटीत. आई शांतपणे म्हणाली, "काही नाही गं, इंग्रजी शब्द आहे, तू जेव."

झालं होतं असं की शाहरुख-अनुष्काच्या 'जब हॅरी मेट सेजल'चा एक छोटा ट्रेलर आला होता, त्यात ती त्याला वकिली भाषेत लिहून देते की प्रवासात आपल्यात काही झालं, अगदी इंटरकोर्स जरी झालं, तरी तुझ्यावर कायदेशीर जबाबदारी नाही. विनोद तिच्या त्या कोरड्या वकिली सुरात आहे, शब्दात काही नाही, डॉक्टरकडच्या फॉर्मवर असतो तसा शब्द आहे तो. सेन्सॉर बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष पहलाज निहलानी म्हणाले शब्द काढा, त्याशिवाय प्रोमो पास होणार नाही. मग एका न्यूज चॅनलला ते असंही बोलून गेले की एक लाख लोकांनी मत दिलं तर मी हा शब्द प्रोमोतही ठेवीन आणि सिनेमातही. झालं, चॅनलवाल्यांना आणखी काय हवं, लगेच मतदान, खाली पट्टी, वर सहा चौकटीत सहा माणसं आणि प्रत्येकाच्या तोंडी तोच शब्द. प्रोमोत तो एकदा होता, अर्धा सेकंद, एका वाक्यात बुडालेला. आमच्या जेवणाच्या ताटापर्यंत तो प्रोमोतून आलाच नाही, तो आला प्रोमोवरच्या चर्चेतून, आणि वीस मिनिटांत मी मोजायचं सोडून दिलं.

मत लाखाच्या वर गेलं. शब्दाचं पुढे काही झालं नाही. ऑगस्टमध्ये पिक्चर आला आणि पडला, आणि त्याच महिन्यात निहलानीही गेले, त्यांच्या जागी प्रसून जोशी आले. पण या किश्शाची शेपटी खरी मजेशीर आहे. पुढच्या वर्षी निहलानींनी स्वतः गोविंदाला घेऊन 'रंगीला राजा' काढला, बोर्डाने त्याला वीस कट सांगितले, आणि हेच साहेब बोर्डाविरुद्ध मुंबई हायकोर्टात गेले. १९९४ च्या 'अंदाज'मधलं ते 'खडा है' वालं गाणं ज्यांना आठवतंय (निर्माते हेच) त्यांना तर काही सांगायलाच नको.

तर हा विषय माझ्या डोक्यात का बसलाय ते सांगतो. मी चारेक वर्षं, २०१० ते १४, अंधेरीतल्या एका टीव्ही चॅनलमध्ये प्रोमो एडिटर होतो. चॅनलचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून इंडस्ट्रीत आहेत आणि त्यातल्या दोघांशी माझं बरं आहे. प्रोमो एडिटर म्हणजे "या रविवारी दुपारी एक वाजता, बघायला विसरू नका" वाला तीस सेकंदाचा तुकडा असतो ना, तो कापणारा माणूस. बहुतेक नाइट शिफ्ट. तीसचा कापायचा, मग त्यातूनच वीसचा, मग दहाचा. आणि कापून झाला की तो जायचा स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेसच्या मॅडमकडे, ज्यांना सगळे एस अँड पी म्हणायचे. सेन्सॉर बोर्ड फार लांब, दक्षिण मुंबईत कुठेतरी, आमचं सेन्सॉर तिसऱ्या मजल्यावर बसायचं आणि तिच्याकडे एक कागद असायचा, टाइमकोड आणि त्यापुढे एकेक शब्द. ००:१२ सिगरेट. ००:१७ क्लीव्हेज. ००:२१ शिवी, ओठांवरून कळते. ००:२६ दारूची बाटली, लेबल.

ओठांवरून कळते! आवाज बंद केला तरी. मग ओठांवर ब्लर मारायचा. ओठांवर ब्लर मारलेला माणूस टीव्हीवर कसा दिसतो तुम्ही बघितलंय? साधं "हरामखोर" म्हणाला असेल बिचारा, पण ब्लर बघून वाटतं याने जगातली सगळ्यात घाण शिवी दिली असणार.

सिगरेटचं वेगळंच. २०१२ पासून नियम असा आहे की सिनेमात सिगरेट दाखवायची तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्याच्या त्या फिल्मा लावा, सीन चालू असताना खाली इशारा लिहा, पण पोस्टरमध्ये आणि प्रमोशनमध्ये तंबाखू अजिबात नको, इशारा देऊनही नको. म्हणजे सिनेमात हिरो तीन पाकिटं संपवतो आणि प्रोमोत तो निर्व्यसनी. माझ्याकडे एक शॉट होता, हिरो खिडकीपाशी, जबरदस्त लाइट, हातात सिगरेट. मी फ्रेम झूम करून हात बाहेर काढला. राहिला फक्त चेहरा आणि खालून वर येणारा धूर. प्रोड्युसर बघून म्हणाला, अरे हा पेटलाय का? शॉट काढला. (वुडी ॲलनने २०१३ मध्ये 'ब्लू जास्मिन'वर हे इशारे लावायला नकार दिला आणि पिक्चर भारतात लागलाच नाही. त्याला परवडतं.)

आता मला जे म्हणायचंय ते इथेच आहे. एकदा एक सूडकथा आली, थिएटरात ए (फक्त प्रौढांसाठी) सर्टिफिकेट मिळालेली, टीव्हीसाठी कापून यूए (मोठ्यांच्या सोबतीने मुलांनीही बघण्यासारखी) करून घेतलेली. काळाकुट्ट पिक्चर. मी प्रोमो कापला, वर गेला, कागद आला. रक्त काढ, पिस्तूल कपाळावर टेकवलेलं काढ, चुंबन काढ, दारू काढ, बाई रडते तो सीन "डिस्टर्बिंग" म्हणून काढ. राहिलं काय? हिरो धावतोय. हिरॉइन केस मागे टाकतेय. साइड हिरो हसतोय, दोनदा. एक लग्नाचा सीन होता, ज्यात पुढे सगळ्यांचा मुडदा पडतो, पण पडायच्या आधीचे चार सेकंद छान होते, झेंडूच्या माळा वगैरे. तेवढ्याच मालमसाल्यात तीस सेकंद भरायचे होते, खाली सिनेमातलं एकमेव आनंदी गाणं टाकलं, आणि पहाटे चारला जो प्रोमो तयार झाला तो एका गोड कौटुंबिक विनोदी पिक्चरचा होता. एस अँड पीने लगेच पास केला. मॅडम म्हणाल्या, बघ, किती क्लीन झाला.

आमच्या शेजारच्या काकू तो प्रोमो बघून नातवाला घेऊन रविवारी टीव्हीसमोर बसल्या. सोमवारी जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "काय रे, तुमच्या चॅनलला लाज नाही का, लग्नाचा पिक्चर म्हणून बसलो आणि पहिल्या दहा मिनिटांत माणूस जाळला." प्रोमो मी कापलाय हे मी त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही.

म्हणजे बघा, मुलांना जपायचं म्हणून जाहिरात धुऊन काढली, आणि त्या धुतलेल्या जाहिरातीनेच मूल त्या पिक्चरसमोर नेऊन बसवलं. प्रोमोत ते रक्त दीड सेकंद राहिलं असतं ना, तर काकूंनी चॅनल बदललं असतं, नातू वाचला असता. अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हटलं की आपण लगेच कलावंताच्या हक्काचं बोलतो, आणि तो आहेच, दिग्दर्शकाने सूडकथा केलीय तर ती सूडकथा म्हणून लोकांसमोर जायला पाहिजे. पण ऐकणाऱ्याचंही काहीतरी आहे की नाही, मी काय बघायला चाललोय हे मला खरंखरं कळायला नको?

प्रोमो असा धुऊन काढायचा हा नियम कुठून आला तेही सांगतो कारण त्याची गोष्ट मुंबईतलीच आहे आणि आमच्या घरातलीही. २००५-०६ मध्ये मुंबईतल्या एका प्राध्यापिकेने हायकोर्टात जनहित याचिका केली होती की केबलवर ए सर्टिफिकेटचे आणि सर्टिफिकेटच नसलेले पिक्चर दिवसाढवळ्या दाखवतात. कोर्टाने ते मनावर घेतलं. ऑगस्ट २००६ मध्ये मुंबई पोलिसांनी केबलवाल्यांवर धाडी घातल्या, डबे उचलून नेले, आणि घाबरून केबलवाल्यांनी सिनेमाची चॅनलंच बंद केली. मी तेव्हा टीवायला. बाबा ऑफिसातून येऊन रोज एक इंग्रजी मारधाडपट बघायचे, अर्धा कळायचा, अर्धा ते स्वतः रचायचे आणि आम्हाला सांगायचे. त्या दिवशी चॅनल लावलं तर नुसत्या मुंग्या. पुढचं, मुंग्या. त्याच्या पुढचं, मुंग्या. केबलवाल्या पोराला फोन केला तर तो म्हणाला, "काका, पोलीस आलेत, आता भक्तीचं चॅनल बघा." बाबांनी दोन दिवस खरंच बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले की यांचा महाराज त्या इंग्रजी व्हिलनसारखा दिसतो.

चॅनलं परत आली, यापुढे फक्त यू आणि यूए दाखवू असं लिहून देऊन. आणि त्याच ऑगस्टच्या सुरुवातीला केंद्र सरकारने केबलच्या नियमांत एक दुरुस्ती केली, नियम ६ मध्ये. आपल्या विषयाचं सगळं त्यात आहे: कुठलाही सिनेमा, सिनेमातलं गाणं, प्रोमो, ट्रेलर, म्युझिक व्हिडिओ, मग तो देशातला असो की बाहेरचा, "अनिर्बंध सार्वजनिक प्रदर्शनास योग्य" असं बोर्डाचं सर्टिफिकेट असल्याशिवाय केबलवर दाखवायचा नाही. ए पिक्चर थिएटरात अठराच्या वरच्यांना दाखवा, आमची ना नाही. पण त्याची टीव्हीवरची जाहिरात मात्र सगळ्यांनी बघण्यासारखी पाहिजे. ऐकायला अगदी वाजवी वाटतं, मलाही वाटायचं. त्याचा अर्थ असा होतो की प्रौढांच्या सिनेमाने टीव्हीवर स्वतःची ओळख करून देताना लहान मुलांचा सिनेमा असल्याचं सोंग घ्यायचं, हे मला कापायला बसल्यावर कळलं.

उलट बाजू आहे आणि ती मी उडवून लावत नाही. थिएटरात आपण तिकीट काढून जातो, दारावर ए लिहिलेलं असतं, राखणदार असतो (फार काही राखत नाही तो, पण असतो). जाहिरात आपण बोलावलेली नसते. क्रिकेट बघत असताना ओव्हर संपली की ती घरात घुसते. त्यामुळे तिला थोडं जास्त सांभाळून वागायला सांगणं यात चूक काही नाही. दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास सुप्रीम कोर्टात गेले होते (निकाल १९७० चा) तेव्हाही मुद्दा साधारण याच वळणाचा होता, त्यांच्या चार शहरांवरच्या माहितीपटातल्या मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवरून बोर्डाशी वाजलं होतं, आणि कोर्टाने म्हटलं की सिनेमा मनावर इतर कलांपेक्षा जास्त परिणाम करतो म्हणून आधीच तपासणं घटनेत बसतं. तेव्हापासून आपल्याकडे पाया तो आहे. तो पटो न पटो, पण त्या न्यायाने बघितलं तर मोठ्या मुलांना दाखवा, रात्री उशिरा दाखवा, जाहिरातीवर ए ठळक लिहा, हे सगळं चालतं. माझी तक्रार वेळेबद्दल किंवा इशाऱ्याबद्दल नाही, माझी तक्रार आहे ती मजकूर बदलून दुसराच पिक्चर दाखवण्याबद्दल.

आणि वेळेचं तरी सरळ कुठे आहे. 'द डर्टी पिक्चर' आठवा. डिसेंबर २०११ ला आला, ए सर्टिफिकेट, मार्च २०१२ मध्ये विद्या बालनला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर. मग पन्नासच्या वर कट मारून बोर्डाकडून टीव्हीसाठी यूए घेतलं, सोनीने रविवार २२ एप्रिलचा मुहूर्त धरला, दुपारी बारा आणि रात्री आठ, आणि आधीपासून प्रोमोंचा नुसता पाऊस. आमच्या आईला विद्या बालन भारी आवडते, चेंबूरची पोरगी आहे म्हणून (आईचं माहेर चेंबूर). त्या रविवारी आईने अकरालाच कुकर लावला, पावणेबाराला भांडी घासून मोकळी, साडी बदलली नाही एवढंच. बारा वाजले आणि पिक्चर काही लागेना. माहिती प्रसारण मंत्रालयाने चॅनलला कळवलं होतं की रात्री अकरानंतर दाखवा, आणि चॅनलने त्या दिवशीचं प्रसारणच रद्द केलं. म्हणजे सरकारच्याच एका हाताने बक्षीस, दुसऱ्या हाताने सर्टिफिकेट, आणि तिसऱ्या हाताने थांबवलं. तिसरा हात कुठून आला विचारू नका. प्रोमो मात्र आठवडाभर भर दुपारी चालले होते, त्यांनी कोणाचं काही बिघडलं नाही.

आई म्हणाली, "एवढं कापूनपण नाही दाखवत, मग कापलं कशाला?" मी तेव्हा त्याच धंद्यात होतो आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बरं हे सगळं करून घाण अडते का, तर तेही नाही. २०११ च्या उन्हाळ्यात 'भाग डीके बोस' प्रत्येक चॅनलवर राजरोस वाजत होतं. तो शब्द लागोपाठ म्हटल्यावर काय ऐकू येतं ते शेंबड्या पोरालाही कळत होतं, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गणपतीच्या प्रॅक्टिसला पोरं त्यावर नाचली आणि अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याला यात नवीन काय, दादा कोंडक्यांनी आयुष्यभर हेच केलं, कागदावर सगळं सोवळं आणि कानात सगळं ओवळं, आणि बोर्डाने हातात कात्री घेऊन नुसतं बघत बसायचं. कात्रीला शब्द दिसतो, अर्थ दिसत नाही, म्हणून चावट माणूस सुटतो आणि जो गंभीरपणे काही सांगू पाहतो तो सापडतो. २००७ च्या जानेवारीत एएक्सएन चॅनलवर दोन महिन्यांची बंदी घातली होती, कशावरून, तर जगातल्या सेक्सी जाहिरातींचा एक कार्यक्रम. आपण जाहिराती दाखवणाऱ्या कार्यक्रमापायी चॅनल बंद केलं, बाकीच्या चॅनलांवरच्या जाहिराती चालू होत्या.

आता अमेरिकेची एक आठवण, कारण आमच्या घरी मुंग्या आल्या त्याच वर्षातली आहे. २००३ मध्ये इराकचं युद्ध सुरू व्हायच्या तोंडावर डिक्सी चिक्स या बँडची गायिका लंडनच्या स्टेजवरून म्हणाली की आमचे राष्ट्राध्यक्ष टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. पुढे त्यांची गाणी रेडिओवरून गायब झाली, धमक्या आल्या. त्यावर 'शट अप अँड सिंग' नावाचा माहितीपट निघाला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये त्याची टीव्हीवरची जाहिरात एनबीसी या तिकडच्या मोठ्या चॅनलने नाकारली, कारण दिलं की यात बुश यांची बदनामी होते. सरकारने एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. तिकडच्या घटनेतली ती प्रसिद्ध पहिली दुरुस्ती सरकारचे हात बांधते, खासगी चॅनलचे नाही, त्यामुळे तक्रार करायला कोर्टही नाही. बोलल्याबद्दल गप्प केलेल्या बायकांच्या सिनेमाची जाहिरात गप्प करायची, याला काय म्हणावं. अर्थात वितरक हार्वी वाइनस्टाइन (हो, तोच, पुढे तुरुंगात गेलेला) असल्या गोष्टींचं भांडवल करण्यात पटाईत, नाकारलेल्या जाहिरातीची जी फुकट जाहिरात झाली ती पैसे देऊन झाली नसती. पण मला यात ओळखीचा वाटला तो एनबीसीचा तो विभाग, जाहिराती तपासून पास करणारा. तिकडेही कुठल्यातरी मजल्यावर एक मॅडम आणि एक कागद असणारच.

तिथलीच दुसरी केस मला जास्त विचार करायला लावते. हिलरी क्लिंटनविरुद्ध २००८ च्या निवडणुकीच्या वेळी सिटिझन्स युनायटेड या संस्थेने एक सिनेमा काढला. प्रायमरीच्या आधी तीस दिवस कंपन्यांच्या पैशातून उमेदवारावर असला प्रचार टीव्हीवर करायचा नाही असा कायदा होता, त्यात सिनेमा आणि त्याच्या टीव्हीवरच्या जाहिराती दोन्ही अडकतील म्हणून संस्था कोर्टात गेली. २०१० च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने ५-४ ने संस्थेला मोकळीक दिली, आणि त्यातून तिकडच्या निवडणुकांत पैशाचा जो पूर आला त्याबद्दल लोक अजून बोटं मोडतात, बरोबरच मोडतात. पण त्याच निकालाचा दुसरा भाग कोणी सांगत नाही. जाहिरातीवर पैसे कोणाचे ते लिहायची सक्ती मात्र कोर्टाने ८-१ ने कायम ठेवली. थोडक्यात, बोल काय बोलायचं ते, फक्त कोण बोलतंय ते सांग. न कापता लेबल लावा. माझ्या टेबलावर चार वर्षांत हा पर्याय कधी आलाच नाही.

मी काही सगळं सोडा म्हणणारा माणूस नाही. २०२२ च्या जानेवारीत महेश मांजरेकरांचा 'नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा' आला, जयंत पवारांच्या कथेवरचा, त्याचा ट्रेलर नेटवर आला तेव्हा मी ऑफिसात बघितला आणि मध्येच थांबवला. अल्पवयीन पोरांचे असे काही तुकडे त्यात होते की राष्ट्रीय महिला आयोगाने मंत्रालयाला पत्र लिहिलं आणि ट्रेलर मागे घ्यावा लागला. जयंत पवारांची कथा मी वाचलीय, गिरणगाव उद्ध्वस्त झाल्यावर पोरांचं काय झालं याचं ते भयानक खरं चित्र आहे आणि ते कोणीतरी दाखवायलाच हवं होतं. पण दोन तासांतले सगळ्यात भडक तुकडे वेचून दोन मिनिटांत ठासले की गिरणगाव गायब होतं आणि उरतो तो फक्त भडकपणा. एडिटर म्हणून सांगतो, तेही खोटंच आहे, फक्त माझ्या झेंडूच्या माळांच्या उलट्या दिशेचं. आणि 'द केरला स्टोरी'च्या टीझरमधला तो बत्तीस हजार मुलींच्या धर्मांतराचा आकडा, जो टीझर निर्मात्यांनी केरळ हायकोर्टात काढून टाकायचं कबूल केलं आणि ज्या आकड्याला खात्रीलायक आधार नाही असं सिनेमात लिहायला सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये लावलं, ते तर भडकपणाच्याही पुढचं. तिथे कात्री कोणाच्या क्लीव्हेजवर चालली नव्हती, आकडा तपासायला मात्र कोणी बसलं नव्हतं.

ट्रेलरने खरं बोलायची जबाबदारी आहे का, हा प्रश्न खरोखर सुप्रीम कोर्टात गेलाय, आणि तोही औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून. शाहरुखचा 'फॅन', २०१६. प्रोमोत 'जबरा फॅन' गाणं धो धो वाजलं, पिक्चरमध्ये गाणंच नाही. एक शिक्षिका मुलांना घेऊन गेल्या होत्या, गाणं नाही म्हणून मुलं रात्री रुसून जेवली नाहीत, ॲसिडिटी झाली, दवाखान्यात न्यावं लागलं, असं त्यांचं म्हणणं. ग्राहक मंचात हरल्या, मग राज्य आयोगाने दहा हजार भरपाई आणि पाच हजार खर्च मंजूर केला, राष्ट्रीय आयोगानेही तेच ठेवलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं. म्हणाले, प्रोमो म्हणजे वचन नव्हे, नुसतं तिकीट काढायला उत्तेजन, आणि कलेच्या बाबतीत कलावंताला मोकळीक असते. कायद्याने बरोबर असेल. सुरुवातीला आम्ही सगळे जोरात हसलो होतो त्या बाईंवर, व्हॉट्सॲपवर किती विनोद फिरले. पण मला शेजारच्या काकू आठवल्या.

सध्या टीव्हीवरची ही सगळी मारामारी कोणासाठी चाललीय हाही प्रश्नच आहे. नेटवरच्या ट्रेलरला बोर्डाचं सर्टिफिकेट लागत नाही. २०२३ मध्ये कायदा बदलला, यूएचे सात, तेरा आणि सोळा असे तीन तुकडे झाले, ए पिक्चर टीव्हीवर आणायचा तर वेगळं सर्टिफिकेट हे आता कायद्यातच लिहिलंय. दाद मागायचं जे अपील ट्रिब्युनल होतं ते मात्र २०२१ मध्येच बंद केलं, आता भांडायचं तर थेट हायकोर्ट, म्हणजे निहलानींसारखा खिसा पाहिजे. बाकी सगळे एस अँड पीच्या कागदावर सही करून मोकळे.

भाची आता सतरा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात पुन्हा ताईकडे जेवायला, पुन्हा टीव्ही, एका नव्या पिक्चरचा प्रोमो लागला. नाचगाणं, हिरो हसतोय, पतंग उडतायत. ती म्हणाली थांब, आणि मोबाइलवर त्याच पिक्चरचा ट्रेलर लावून माझ्यासमोर धरला. अंधार, गोळ्या, शिव्या. ए सर्टिफिकेट आहे, तिला अजून वर्षभर तो थिएटरात बघता येणार नाही, ट्रेलर तिने चारदा बघितलाय.

"मामा, हा एकच पिक्चर आहे?"

"हो."

"मग टीव्हीवालं कोण बनवतं?"

मी आमटी वाढून घेतली.